पोट न फाडता पोटातील गाठ काढता येते

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात पाथर्डी येथे दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या कोणत्याही विषयावर बोला, असे मंडळाने मला सांगितले होते. मी जठरातील लहान गाठींचा विषय घेतला आहे. आपल्या तालुक्यात पोटाच्या दुखण्याला कोणी दुखणे समजत नाही. छातीत जळजळ झाली, करपट ढेकर आले, जेवण जाईना, की "पित्त झाले" म्हणायचे आणि दुकानातून गोळी आणून घ्यायची, अशी रीत पडली आहे. आणि त्याच पोटात गाठ आहे असे कोणी सांगितले, की घरात रडारड सुरू होते. आता पोट फाडणार, माणूस जाणार, शेत विकावे लागणार, एवढेच सर्वांच्या डोळ्यांपुढे येते. आधी बेफिकिरी आणि नंतर भीती, या दोहोंच्या मध्ये एक फार मोलाचा काळ निघून जातो. त्या काळाविषयी मला बोलायचे आहे.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. जठरातील गाठ लहान असताना सापडली, तर बहुतेक वेळा ती तोंडातून दुर्बीण घालून काढता येते. पोटावर काप नाही, टाका नाही. मात्र "लहान असताना" या दोन शब्दांवर सर्व काही अवलंबून आहे.

शस्त्रक्रिया आणि बौद्ध परंपरा यांचे नाते फार जुने आहे. तथागतांचे वैद्य जीवक यांची हकिगत विनयपिटकात आली आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यकशास्त्र शिकून आलेल्या जीवकांनी वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाचे पोट उघडले, आतड्यात पडलेली गुंतागुंत सोडवली आणि पोट पुन्हा शिवले, असे तेथे सांगितले आहे. त्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. जीवकांनी त्या मुलाच्या पत्नीला तो गुंता प्रत्यक्ष दाखवला. तुझ्या नवऱ्याला काय झाले आहे ते डोळ्यांनी पाहा, असा त्याचा अर्थ. रोग लपवायचा नाही, त्याभोवती गूढ उभे करायचे नाही, तो दाखवायचा आणि मग दूर करायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या वैद्याची दृष्टी आजच्या विज्ञानाची दृष्टी आहे.

त्यानंतर शेकडो वर्षे पोटातील गाठीवर काही इलाज नव्हता. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या जठराचा कर्करोग झालेला भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. ही अशा प्रकारची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. ती स्त्री शस्त्रक्रियेतून बरी झाली, परंतु रोग आधीच पसरलेला असल्याने काही महिन्यांतच दगावली. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रोगी वाचला नाही, याचे कारण वेळ निघून गेली होती. १८८१ सालचा हा धडा आजही तितकाच खरा आहे.

पोटात काय आहे हे पोट न उघडता पाहायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. १९५० साली टोकियोत डॉ. उजी यांनी ऑलिंपस कंपनीच्या अभियंत्यांसह एक इवलासा कॅमेरा तयार केला. रोग्याने तो नळीसह गिळायचा आणि आत फोटो काढायचे. पण फिल्म धुऊन येईपर्यंत आत काय दिसले ते डॉक्टरांना कळत नसे. १९५४ साली लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे दाखवून दिले. त्या शोधाच्या आधारे बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत वाकणारी दुर्बीण बनवली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच गिळून पाहिली. मग रोग्याला दिली. पुढे १९८० नंतर दुर्बिणीच्या टोकाशीच छोटा व्हिडिओ कॅमेरा बसवण्यात आला आणि जठराचा आतला भाग पडद्यावर सर्वांना दिसू लागला. जीवकांनी त्या स्त्रीला जे दाखवले, ते आता पोट न उघडता टीव्हीसारख्या पडद्यावर दाखवता येते.

ही तपासणी कशी करतात, ते सांगतो, कारण तिच्याविषयी नाहक भीती आहे. रोग्याने सहा ते आठ तास काही खायचे नाही. घशात औषधाचा फवारा मारून घसा बधिर करतात. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये एक प्लॅस्टिकची कडी देतात आणि करंगळीएवढ्या जाडीची मऊ नळी हळूहळू आत सोडतात. घशातून जाताना ओकारी आल्यासारखे होते, तेवढाच त्रास. श्वास चालूच राहतो. पाच-दहा मिनिटांत काम होते. संशय वाटला तर त्याच नळीतून चिमटा घालून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढताना दुखत नाही, कारण जठराच्या अस्तराला अशा चिमट्याची वेदना कळत नाही. तुकडा काढला की रोग पसरतो, असे गावोगाव बोलले जाते. ते खरे नाही.

आता गाठीविषयी. जठरातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही गाठी मांसाच्या कोंबासारख्या असतात, त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतील पुष्कळशा निरुपद्रवी असतात, तर काही पुढे कर्करोगाकडे वळू शकतात. काही गाठी अस्तराच्या खालच्या थरातून येतात. त्यांतल्या बारीक गाठींवर कित्येकदा फक्त लक्ष ठेवले तरी चालते. आणि काही गाठी आरंभीच्या कर्करोगाच्या असतात. बऱ्याच वेळा त्या गाठीसारख्या दिसतही नाहीत. अस्तरावर एखादा लालसर किंवा फिकट डाग, थोडासा उंचवटा किंवा खळगा, एवढेच दिसते. अनुभवी डॉक्टरच तो ओळखतो.

जठराची भिंत साधारण पाचएक मिलिमीटर जाडीची असते. ती घराच्या भिंतीसारखी समजा. आतून गिलावा, त्याखाली भराव, मग विटांचे पक्के बांधकाम आणि बाहेरून पुन्हा पातळ गिलावा. कर्करोग आतल्या गिलाव्यात, म्हणजे अस्तरात सुरू होतो. तो अस्तरात किंवा फार तर त्याखालच्या थरात आहे, तोपर्यंत त्याला आरंभीचा कर्करोग म्हणावे, अशी व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ साली केली. रोग निव्वळ अस्तरात असताना तो शरीरातील रसग्रंथींमध्ये पसरलेला असण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून तेवढे अस्तर काढले की रोगही गेला. पण तो एकदा विटांच्या बांधकामात शिरला, की नुसता गिलावा खरवडून उपयोग होत नाही. तेथे मोठी शस्त्रक्रिया आणि इतर उपचार लागतात.

अस्तर काढण्याची युक्ती फार सुंदर आहे. दुर्बिणीतून एक बारीक सुई पुढे काढतात आणि गाठीच्या खाली सलाईनसारखे औषधी पाणी टोचतात. त्यामुळे तो भाग भाजल्यावर येणाऱ्या फोडासारखा वर उचलला जातो आणि खालच्या स्नायूच्या थरापासून सुटा होतो. मग तारेचा फास त्याच्याभोवती टाकून आवळतात आणि विजेच्या प्रवाहाने तो कापतात. विजेच्या उष्णतेने रक्तवाहिन्याही बंद होतात. ही पद्धत जपानमध्ये १९८४ च्या सुमारास पुढे आली. फासात एका वेळी साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ अखंड येते. त्याहून मोठी असली तर ती तुकड्यातुकड्याने काढावी लागे आणि थोडासा अंश मागे राहण्याचा धोका असे. त्यावर उपाय म्हणून टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी १९९० नंतरच्या दशकात टोकाला चिनीमातीची गोळी बसवलेली सुरी तयार केली. टोकाने जठराला भोक पडू नये म्हणून ती गोळी. तिने गाठीच्या भोवती कड कापून, खालचा थर सोलत सोलत मोठा भागही एकसंध काढता येतो. डाळिंबाच्या दाण्यांना धक्का न लावता वरची साल काढावी, तसे हे काम आहे. त्याला दोन-तीन तासही लागू शकतात आणि त्यासाठी विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो.

काढलेला तुकडा फेकून देत नाहीत. तो टाचण्यांनी ताणून बसवतात आणि तपासणीला पाठवतात. कडा स्वच्छ आहेत का, रोग किती खोल गेला होता, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सर्व ठीक असेल तर काम तेथेच संपते. रोग अपेक्षेपेक्षा खोल निघाला तर पुढे शस्त्रक्रिया करून घ्या, असा सल्ला मिळतो. तो सल्ला मिळाला तर टाळू नये.

याला धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित जठराला भोकही पडते. बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच बारीक क्लिपा लावून ते बंद करता येते. रोग्याला काही दिवस रुग्णालयात राहावे लागते. आत झालेली जखम साधारण दोन महिन्यांत भरून येते, तोवर आम्ल कमी करणारी गोळी नियमित घ्यावी लागते. या काळात काळी शौच किंवा पोटात जोराची कळ आली तर लगेच रुग्णालय गाठावे. परंतु ज्याचे जठर कापून काढावे लागते, त्याला पुढे आयुष्यभर थोडे थोडे खावे लागते, वजन घटते, संपूर्ण जठर काढले तर जीवनसत्त्व बी-१२ ची इंजेक्शने घेत राहावी लागतात. दुर्बिणीने गाठ काढलेल्याचे जठर त्याच्याजवळच राहते. कष्टाची कामे करणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत सांगायला नको. आणि आरंभीच्या कर्करोगावर योग्य इलाज झाला, तर शंभरातील नव्वदाहून अधिक रोगी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात.

मग आपल्याकडे लोक उशिरा का येतात? जपानमध्ये हा रोग फार, म्हणून तेथे १९६० च्या दशकापासून तक्रार नसलेल्या लोकांचीही तपासणी करीत आले आहेत. आपल्या देशात मिझोरामसारख्या राज्यांत त्याचे प्रमाण मोठे आहे, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. त्यामुळे सर्वांची सरसकट दुर्बिणीची तपासणी करा, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. जळजळ होणाऱ्या बहुतेक माणसांना गाठ नसते, हेही स्पष्ट सांगतो. पण याचाच अर्थ असा, की ज्यांना तपासणीची गरज आहे त्यांनी ती स्वतःहून ओळखली पाहिजे.

आपल्या तालुक्याची एक वेगळी अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाने घरी राहायचे म्हटले तर कोयताच मोडतो. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. मग फडातला माणूस काय करतो? अंग दुखते म्हणून रोज दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी, आणि तिने पोट जळू लागले की पित्ताची गोळी. या दुखण्याच्या गोळ्यांनीच जठरात जखमा होतात. पित्ताच्या गोळीने बरे वाटते खरे, पण कर्करोगाच्या जागी पडलेला व्रणसुद्धा अशा गोळीने काही दिवस भरून आल्यासारखा होतो आणि खरे दुखणे झाकले जाते. माय-बहिणी तर आपले दुखणे सांगतच नाहीत. सर्वांना वाढून उरलेले खायचे, त्यामुळे बाईला जेवण जाईनासे झाले तरी घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून ही लक्षणे ध्यानात ठेवा. वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन. कारण नसताना वजन उतरणे. चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे. वारंवार उलटी, किंवा उलटीत रक्त. डांबरासारखी काळी चिकट शौच. गिळताना अडकणे. रक्त कमी असल्याचे निघणे आणि त्याचे कारण न सापडणे. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला असणे. यांपैकी काहीही असेल तर महिनोन्महिने गोळ्या खाऊ नका, डॉक्टरांना विचारून आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

दुसरी गोष्ट जंतूची. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरात राहतो. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ साली वेगळा केला. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपले म्हणणे पटवून दिले. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू जठराच्या कर्करोगाचे एक कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली जाहीर केले. हा बहुधा लहानपणीच, दाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून आणि हातांतून येतो. ठरावीक औषधांचा चौदा दिवसांचा पूर्ण क्रम घेतला तर तो बहुधा जातो. जपानमध्ये दुर्बिणीने गाठ काढलेल्या ५४४ रोग्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जंतूवर औषध दिले त्या २७२ जणांपैकी तीन वर्षांत ९ जणांना नवी गाठ झाली, औषध न दिलेल्या तितक्याच लोकांत २४ जणांना झाली. म्हणजे गाठ काढून झाल्यावरही जंतूची तपासणी करून औषध घेणे आणि डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा दुर्बीण करून पाहणे आवश्यक आहे. विडी-सिगारेट सोडणे आणि खारवलेले पदार्थ कमी करणे, हे तर आहेच.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पोटात गोळा आहे, करणी आहे, असे सांगून तो तोंडाने ओढून काढल्याचे नाटक करणारे देवऋषी अजून भेटतात. हातचलाखीने लपवलेला खडा किंवा केसांचा पुंजका दाखवतात आणि पैसे घेतात. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, बोटाने शस्त्रक्रिया केल्याचा दावा करणे त्यानुसार गुन्हा आहे. चौदा ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या गोष्टींतून आपल्याला बाहेर काढले, त्यांच्याकडे आजारपणाच्या भीतीने पुन्हा वळायचे नाही. गाठ तोंडावाटे काढण्याचे खरे शास्त्र आता आपल्यापुढे आहे. त्यात गाठ पडद्यावर दिसते, काढल्यावर हातात येते आणि तिचा लेखी अहवाल मिळतो.

सोय कोठे आहे, असे आपण विचाराल. दुर्बिणीची साधी तपासणी नगरला होते. आपल्या गावापासून नगर पन्नासएक किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. १९४१ साली सुरू झालेले मुंबईच्या परळचे टाटा रुग्णालय तर सर्वांना ठाऊक आहे. या विद्येत आपली माणसे मागे नाहीत. दुर्बिणीच्या उपचारांत नाव मिळवलेल्या मुंबईच्या डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. आपला उपचार तिच्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो. हेच तीन महिने ऊसतोडीला जाणारी आपली माणसे गावात असतात. विहारात ग्रंथवाचनाला सर्वजण जमतात. त्याच वेळी एका वहीत पोटाच्या तक्रारी असलेल्यांची नावे घ्यावीत, वर सांगितलेली लक्षणे विचारावीत, आणि ज्यांना गरज आहे त्यांना टोळी निघण्यापूर्वी तपासणीसाठी नगरला पाठवावे. एकट्याने पाठवू नये. अर्ज लिहिता येणारा, मोठ्या दवाखान्यात न बुजणारा एखादा शिकलेला तरुण बरोबर द्यावा. पुष्कळ माणसे रोगापेक्षा रुग्णालयाच्या खिडकीला भिऊन परत येतात.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला पोटाचाच विकार होता. तो आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून समज दिली, की येथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा करायची आहे. फडावर गेलेल्या माणसाजवळही आई-बाप नसतात. त्याचे दुखणे वेळेवर विचारणे हे आपल्या संघाचे, म्हणजे या मंडळाचे काम आहे. या वर्षावासात निदान एक वही सुरू झाली, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.



जय भीम! नमो बुद्धाय!